माळ्यावरचा साडीगार्ड

मरोळ, अंधेरी पूर्व
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

ती. आत्या,

प्रीतमचा वाकून नमस्कार. पाकीट बघून दचकू नकोस, इकडे सगळे धडधाकट आहेत. बाबांचा गुडघा अजून कुरकुर करतो, पण जिने चढतात. श्वेता स्वतःच्या साखरपुड्याचे फोटो दिवसातून दहा वेळा बघते आणि प्रत्येक वेळी स्वतःचं नाक मोठं आलंय म्हणून रडते. तू आणलेली सोलं आईने डब्यात लपवून ठेवलीयेत, आम्हाला सोलकढी फक्त रविवारी.

तुझी मान कशी आहे? खरं सांग. फोनवर तू 'बरी आसा' म्हणतेस, पण कोणी हाक मारली की मान न वळवता अख्खीच वळतेस असं श्वेताने व्हिडिओ कॉलवर पाहिलं. अजून मान वाकत नाही ना?

शाळेनंतर मी हाताने पत्र लिहिलेलं नाही. अक्षर लागलं नाही तर शिव्या घाल. पण फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. मी 'आत्या, त्या दिवशी' एवढं म्हटलं की तुझं सुरू, 'असूं दे रे, झाला ता झाला', आणि मग जेवलास का, ऑफिस कसं आहे. मीही लगेच गप्प बसतो. मला तेच हवं असतं, आत्या. तू अडवावंस म्हणूनच मी फोन करतो की काय, असं वाटायला लागलंय.

गाडीचं म्हणशील तर चालवतो, पण आता शिकतोय म्हणायला हवं. सम्यक आठवतो? माझ्या ऑफिसातला, साखरपुड्याला तुझ्याकडून तीनदा जिलबी वाढून घेतलेला. तो रोज सकाळी मला आरेच्या रस्त्यावर नेतो. पहिल्या दिवशी म्हणाला, "तुला गाडी येत नाही यार, तुला फक्त गिअर टाकता येतात." आपल्या घरात कसं, बाबांनी लहानपणापासून डोक्यात भरलेलं की पुढच्या ब्रेकला हात लावायचा नाही, माणूस उलटतो. मी इमाने इतबारे फक्त मागचा दाबत होतो. सम्यक म्हणतो दोन्ही, मिळून, हळूहळू. आरशात बघायचं. पुढच्या गाडीच्या बुडाला चिकटायचं नाही. मागच्या माणसाने हेल्मेट घातल्याशिवाय किल्ली फिरवायची नाही, मग कोपऱ्यावर जायचं असो नाहीतर गोरेगावला.

बघ, वेळ काढतोय मी. ब्रेकबिक सगळं खरं आहे, पण ते सांगायला पत्र कशाला लागतं.

काल श्वेता म्हणाली की दसऱ्याला तुझी स्कूटी आलीच नाही. तुझ्या घरी काकांनीच नको म्हणून सांगितलं. म्हणाले, 'जिला मागे बसून स्वतःचा पदर सांभाळता येत नाही, ती गाडी काय सांभाळणार?' आणि तू म्हणालीस, बरोबरच आहे त्यांचं. आत्या, तू शाळेच्या मैदानात गोल गोल फेऱ्या मारून दाखवल्या होत्यास, व्हिडिओ पाठवला होतास, मागे अंगणवाडीतली सगळी पोरं बोंबलत धावतायत. खालच्या वाडीपासून वरच्या वाडीपर्यंतची चढण आता पायी जमत नाही, म्हणून तू वर्षभर काकांच्या मागे लागली होतीस. हे सगळं माझ्यामुळे गेलं. तुझ्या पदरामुळे नाही.

आता लिहितो. मध्ये थांबलो तर पुन्हा लिहिणार नाही.

नव्या बाईकला डाव्या बाजूला, मागच्या चाकाशी, एक लोखंडी जाळी येते. साडीगार्ड म्हणतात त्याला. साडी नेसलेली बाई एका बाजूला बसली की तिचा पदर, निऱ्या चाकात जाऊ नयेत म्हणून. माझ्या गाडीलाही होता. मी तो काढून टाकला. का? तर दिसायला घाण दिसतो. दूधवाल्याची गाडी वाटते. सम्यक तेव्हाच म्हणाला होता, "राहू दे ना, घरात बायका साडी नेसतात." मी म्हटलं, आमच्याकडे कोण बसतंय मागे? आई रिक्षाने जाते, श्वेता जीन्स घालते. गॅरेजवाल्याने जाळी काढून हातात दिली, मी ती पेपरात गुंडाळून माळ्यावर टाकली आणि गाडीचे फोटो काढले. झकास दिसत होती.

मग तू आलीस. गोरेगावला द्रौपदीमावशीकडे जायचं होतं, मी रिक्षा बोलवत होतो, तर तूच म्हणालीस, "रिक्षा कित्याक? तुझ्या गाडयेर जाऊया." किती खूश होतीस. एकच हेल्मेट होतं, ते मी घातलं. तू म्हणालीस माझा अंबाडा मोडेल, आणि मी लगेच म्हटलं, जवळच तर आहे. तेव्हा मला जाळी आठवली होती, आत्या. तू बसलीस, पदर पुढे घेऊन मांडीवर धरलास, आणि मला चाक दिसलं, उघडं. एक सेकंद वाटलं सांगावं. पण सांगितलं असतं तर रिक्षा करावी लागली असती, आणि मला तुला गाडी दाखवायची होती.

आरेत तबेल्यापाशी तू म्हशी दाखवायला हात उचललास. 'बघ रे केवढ्यो!' म्हणालीस. पदर सुटला.

पुढचं तुला माहीत आहे, पण मागचं मला माहीत नाही, कारण मी आरशात बघतच नव्हतो. तुझी किंचाळी ऐकली. मी घाबरून ब्रेकवर पाय रोवला, क्लच धरायचं विसरलो, आणि गाडी धक्का देऊन बंद पडली. खांद्याच्या पिनेपाशी पदर फाटला म्हणून तू सुटलीस. वळून बघितलं तर तू रस्त्यावर, तुझं डोकं टायरच्या शेजारी, आणि मागची बस अगदी तुझ्या पायाशी येऊन थांबलेली. तो ड्रायव्हर खाली उतरला आणि मला नाही नाही ते बोलला. बसच्या खिडक्यांतून माणसं बघत होती. तू फाटका पदर छातीशी धरून बसली होतीस, तबेल्यातली एक बाई तुझ्या अंगावर टॉवेल टाकत होती.

आणि मी सगळ्यांसमोर तुझ्यावर ओरडलो. "आत्या, साधा पदर धरता येत नाही का गं तुला?"

तुला लागलंय का, हेसुद्धा मी नंतर विचारलं. तूच मला आधी विचारलंस, "तुका लागला नाय मा?" आणि त्या ड्रायव्हरला म्हणालीस, "माझोच पदर सुटलो, पोराची काय चूक नाय." ते शब्द मी अक्षरशः झेलले आणि घरी घेऊन आलो. घरी मी काय सांगितलं, ते तू आत पडली होतीस म्हणून ऐकलं नसशील. मी सांगितलं की आत्याचा पदर सुटला आणि मी झटकन गाडी थांबवली. आईने माझी दृष्ट काढली. बाबा पाठ थोपटून म्हणाले, "प्रसंगावधान आहे हो पोराला." बाबांनीच काकांना फोनवर तसंच सांगितलं. गाडी बंद पडली होती, आत्या, मी थांबवली नव्हती. क्लच धरला असता तर चाक आणखी फिरलं असतं आणि तू फरफटत गेली असतीस.

तू आतल्या खोलीत आईकडून मानेला बाम चोळून घेत होतीस, तेव्हा बरोबर तुझ्या डोक्यावर, माळ्यावर ती जाळी होती. मी दारात उभा राहून तिच्याकडे बघत होतो. तू मला हाक मारून म्हणालीस, "माझ्यामुळे तुझ्या नव्या गाडयेक खोट लागली रे." मी म्हटलं, जाऊ दे आत्या. मी तुला माफ केलं! मला हे लिहितानाही स्वतःची किळस येतेय.

पदर सुटतोच गं. कोणाचाही सुटेल, म्हशी दाखवताना सुटेल, वाऱ्याने सुटेल. तो सुटणार हे धरूनच कंपनी जाळी लावून देते. तुझी चूक कणभर नव्हती.

स्कूटीचं ऐकल्यावर काल मी जाळी खाली काढली आणि बाबांपुढे ठेवली. सगळं सांगितलं. मला वाटलं मारतील. त्यांनी पेपर सोडवला, जाळी हातात घेऊन बघितली आणि पुन्हा तशीच गुंडाळली. म्हणाले, "मला काय सांगतोस? माझ्या बहिणीला सांग." जेवायला बसले नाहीत. अजून माझ्याशी बोलत नाहीत, आणि ते बरोबर आहे.

सकाळी जाऊन जाळी बसवून आणली. दुसरं हेल्मेट घेतलंय, अंबाडा मावेल असं दुकानदाराला सांगून. तू पुन्हा माझ्या मागे बसावंस असं म्हणायचं तोंड मला नाही.

एकच मागतो. हे पत्र काकांना वाचून दाखव. मी तुझ्यावर ओरडलो ते गाळून नाही आणि मला सावरून घेऊन तर अजिबात नाही. तू वाचायला लागलीस की माझी बाजू घेशील, मला माहीत आहे, म्हणून सरळ त्यांच्या हातातच दे. काका, हे तुम्ही वाचत असाल तर ऐका: आत्याला गाडी सांभाळता येते. मैदानात ती वळायच्या आधी मागे वळून बघते, मी व्हिडिओ पुन्हा पाहिला. मी मागे बघत नव्हतो. स्कूटी आणा. माझ्यावर राग काढायचा तर मी शनिवारी सकाळी एसटीने येतोय, समोर उभा राहीन.

आणि आत्या, मी आल्यावर 'असूं दे' म्हणू नकोस. या वेळी तरी मला पुरतं बोलू दे, मग हवं तर घरात घे.

पदर तुझा होता, चूक ज्याची होती तो,
प्रीतम