अस्वलासाठी कमरेचं हत्यार

प्रिय लक्ष्मीकांत,

आधी खळ्ळ, मग नाकातून सोडलेला एक लांब सुस्कारा, मग पुन्हा खळ्ळ. आठवतो का तुला हा आवाज? शाळा सुटायच्या सुमाराला परतवाड्याच्या आपल्या गल्लीत दरवेशी यायचा आणि त्याच्या अस्वलाच्या पायातली घुंगरं थेट वर्गात ऐकू यायची. गुरुजी फळ्याकडे तोंड करून कवितेला चाल लावत असत आणि आपण तोंडाने कविता व कानाने अस्वल असे दोन्ही विषय एकदम शिकत असू. तो आवाज हल्ली पुन्हा माझ्या कानात बसलाय आणि पुढच्या सगळ्या घोटाळ्याचं मूळ तोच आहे. पण आधी रीत. कुवेतमधल्या हवल्लीहून तुळशीदासाचा तुला आणि वहिनींना नमस्कार. खोकला उतरला का? मोतीबिंदू काढून घेतलास, की अजून मुहूर्त शोधतोयस? मी इथे लेकाकडे हिवाळा काढतोय. परीक्षित बरा आहे. सूनबाई मुक्ता माझी पथ्यं माझ्यापेक्षा कडक पाळते, म्हणजे मला पाळायला लावते. हवा छान आहे (धूळ नसते त्या दिवशी).

आता मुद्दा. तू वनपाल म्हणून मेळघाटात जन्म काढलास, म्हणून तुला विचारतो. अस्वल अंगावर आलं तर जवळ रिव्हॉल्वर असावं की पिस्तूल? (घाबरू नकोस, कुवेतमध्ये अस्वल नाही. इथे उंट आहेत, आणि ते माझ्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत.)

झालं असं. परीक्षितच्या रिफायनरीत यूसुफ नावाचा इथलाच एक इंजिनियर आहे. शिकायला अमेरिकेत होता, तिकडच्या मॉन्टाना नावाच्या डोंगराळ मुलखात. त्याच्या घरी दिवाणिया आहे. दिवाणिया म्हणजे पुरुषांनी संध्याकाळी जमून चहा पीत बोलत बसायची खोली. आपल्या गावच्या पाराला भिंती आणि एसी बसवला की दिवाणिया होते. परीक्षित मला तिथे घेऊन गेला. यूसुफ आणि त्याचा चुलतभाऊ नबील यांनी ठरवलंय की येत्या उन्हाळ्यात मॉन्टानाच्या डोंगरात तंबू पाठीवर घेऊन आठवडाभर चालायचं, जिथे रस्ता नाही, दुकान नाही, फोन लागत नाही. सोबत परीक्षित. आणि तिथे अस्वलं आहेत, दरवेशाविना हिंडणारी.

मी गप्प बसायला हवं होतं. पण संध्याकाळची वेळ, हातात गोड काळा चहा, मऊ तक्क्या, आणि कानात ते खळ्ळ. मी म्हणालो की लहानपणी मी अस्वलावर बसलोय. परीक्षितने ते इंग्रजीत सांगितलं, यूसुफने अरबीत सांगितलं आणि खोलीतले सगळे माझ्याकडे वळले. आता, अस्वलाच्या नाकात वेसण होती, वेसणीची दोरी दरवेशाच्या हातात होती, पोराची भीती जावी म्हणून आमच्या आईने मला त्याच्या पाठीवर ठेवलं होतं आणि मी भोकाड पसरलं होतं, हा तपशील मी पुढच्या वाक्यात सांगणारच होतो. पण तोवर मला उठवून खोलीच्या वरच्या टोकाला बसवण्यात आलं होतं. तिथून वेसणीची गोष्ट सांगणं बरं दिसेना. तेव्हापासून मी अबू परीक्षित (मुलाच्या नावाने बापाला हाक मारायची इथली पद्धत आहे), आणि अस्वलाच्या बाबतीत अबू परीक्षितचा शब्द शेवटचा.

वाद असा आहे. नबील म्हणतो चव्वेचाळीस मॅग्नमचं रिव्हॉल्वर घ्यावं. ते अडकत नाही, अस्वलाच्या छातीला टेकवूनसुद्धा बार उडतो. यूसुफ म्हणतो, अस्वल छातीला टेकेपर्यंत थांबणाऱ्याला रिव्हॉल्वर लागत नाही, मौलवी लागतो. त्यापेक्षा दहा मिलिमीटरचं पिस्तूल घ्यावं, त्यात पंधरा गोळ्या बसतात, हात थरथरत असले तरी एखादी लागेल. नबील म्हणतो, सहा नीट मार. यूसुफ म्हणतो, तू गेल्या वर्षी समुद्रावर गळ टाकलास तो माझ्या टोपीत अडकला, तू सहा नीट मारणार? मग दोघे माझ्याकडे बघतात. मी चहा पितो. त्यात त्यांचं गणितही उलटं आहे. चव्वेचाळीस म्हणजे इंचाचे शंभरातले चव्वेचाळीस भाग, म्हणजे दशांशचिन्हानंतरचे. तरी ते दहा मिलिमीटरपेक्षा मोठे भरतात. आपल्याला शाळेत दशांशचिन्हाच्या पलीकडचं सगळं किरकोळ असतं असं शिकवलं होतं आणि मी ती समजूत पाटबंधारे खात्यात नोकरी संपेपर्यंत बाळगली. शिवाय या हत्याराला इंग्रजीत कमरेचं हत्यार म्हणतात, पण ते कमरेला लावायचंच नाही म्हणे, पाठपिशवीचा पट्टा आड येतो. ते छातीवर बांधायचं, तान्ह्या मुलासारखं. मग त्याला कमरेचं हत्यार का म्हणायचं?

शेवटी प्रयोग करायचं ठरलं. यूसुफच्या घरच्यांचं खैरानला समुद्रकाठी सुट्टीचं घर आहे. तिथे आम्ही शुक्रवारी गेलो. शुवैखच्या बाजारातून प्लॅस्टिकची दोन खेळण्यातली पिस्तुलं आणली होती (एक निळं, एक पिवळं, पाणी उडवणारी). ती छातीवर बांधून अस्वल धावत येताना कोण आधी बाहेर काढतो ते बघायचं. अस्वल व्हायला कुणी तयार होईना. परीक्षित पंच, बाकीचे दोघे शिकारी, आणि मग सगळ्यांना एकदम आठवलं की या विषयातला जाणकार माणूस इथे हजर आहे. मला यूसुफच्या वडिलांचा फरवा घातला. फरवा म्हणजे इथला थंडीतला पायघोळ कोट, आतून मेंढीचं कातडं. तो घातल्यावर मी खरंच उग्र दिसत असणार, कारण शेजारच्या घरातली पोरं कुंपणाजवळून पळाली. वेळ मोजायला फोन होते, पण लक्ष्मीकांत, मला वेळ मोजायची एकच रीत ठाऊक आहे. मनात शार्दूलविक्रीडिताचा एक चरण धरला आणि वाळूतून सुटलो.

चरण पुरा व्हायच्या आत मी नबीलच्या अंगावर होतो. त्याचं रिव्हॉल्वर अर्धं बाहेर, अर्धं पट्ट्यात. दुसऱ्या खेपेला यूसुफने पिस्तूल काढलं, पण उलटं, आणि स्वतःच्याच डोळ्यात पाणी मारलं. असं आम्ही दुपारभर केलं. मी पंचाहत्तरी गाठलेला, एका पायाने लंगडणारा, कोटात पाय अडकणारा म्हातारा, आणि मी प्रत्येक वेळी जिंकलो. खरं अस्वल म्हणे घोड्याइतकं पळतं. परतताना गाडीत ते दोघे आपापले पट्टे उलटसुलट करून बघत होते. मी मात्र मागच्या सीटवर भुजंगप्रयातात दोन ओळी जुळवल्या, त्या तुला देतो :

न पिस्तूल चाले, न भाला, न काठी
मती गुंग झाली, सुटे घाम ओठी

(तिसरी ओळ सुचत नाही. सुचली तर कळव.)

यावरून कुणालाही वाटेल की निकाल लागला. पण नाही. नबील म्हणतो, प्रयोगावरून सिद्ध झालं की पट्टा बदलायला हवा. यूसुफ म्हणतो, अबू परीक्षित अपवादात्मक अस्वल आहेत. मधेच कुणीतरी तिखटाच्या फवाऱ्याची गोष्ट काढली. तिकडे अस्वलाच्या तोंडावर मारायला मोठा डबा मिळतो, आणि माहीतगार लोक म्हणे बंदुकीपेक्षा त्यालाच मानतात. मी घरी येऊन मुक्ताला सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, एवढंच असेल तर लवंगी मिरचीची फोडणी मी रोज देते. तुमचा मुलगा त्या वासाने स्वयंपाकघराकडे फिरकत नाही, अस्वल कशाला येतंय?"

हसत म्हणाली, पण तवा जोरात आपटला. तिला हे जाणं मंजूर नाही. आणि मला काय मंजूर आहे, हे माझं मलाच कळत नाही, म्हणून तर हे एवढं लांबलंय. परीक्षित तुला आठवतो तो तुझ्या क्वार्टरच्या आवारात बेहड्याच्या झाडावर चढून बसणारा. इथे आल्यापासून तो फक्त ड्युटीवर जातो आणि ड्युटीवरून येतो. विचारलं तर ठीक आहे म्हणतो. आता गेला महिनाभर दाढी करताना शिट्टी वाजवतो. नकाशे पसरून जमिनीवर पालथा पडतो, पाय हवेत हलवत, चाळिशी उलटलेला माणूस. मी खुर्चीत बसून ते हलणारे पाय बघतो आणि मला वाटतं, जाऊ दे त्याला. मग मिटल्या डोळ्यांपुढे मी स्वतःच फरवा घालून त्याच्या अंगावर धावून जाताना दिसतो, आणि वाटतं, कुठेही जाऊ नये याने. गुरुवारी दिवाणियात मला निकाल द्यायचाय. मी एक नाव घेतलं की तिकिटं काढणार. म्हणून विचारतो, तू काय घेशील? तुझ्या जवळ त्या वेळी काय असायचं?

वहिनींना सांग, त्यांच्या हातची अंबाडीची भाजी इथे मिळत नाही आणि अंबाडीशिवाय माणूस नीट विचार करू शकत नाही. कळावे, लोभ आहेच, तो खोकल्यासारखा जुना आहे.

तुझा,
तुळशीदास

ता. क. मुक्ताने पत्र वाचलं (चष्मा शोधायला म्हणून टेबलाजवळ आली होती). तिच्याकडून कळलं ते असं : अमेरिकेत पाहुणा म्हणून जाणाऱ्या परदेशी माणसाला शिकारीचा परवाना वगैरे असल्याशिवाय बंदूक जवळ बाळगताच येत नाही. म्हणजे रिव्हॉल्वरही नाही आणि पिस्तूलही नाही. हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मग सांगितलं का नाहीस, म्हटलं. ती म्हणाली, "सांगितलं असतं तर तिखटाचा डबा घेऊन दुसऱ्या दिवशी निघाले असते. बंदुकीवर भांडतायत तोवर घरात आहेत ना? भांडू द्या. तुम्ही फक्त निकाल देऊ नका."

ता. क. २. तेव्हा माझी खरी विनंती ही. परीक्षितचा सहकारी मयूर सुट्टीवर अमरावतीला जातोय, त्याच्याबरोबर हे पत्र येईल. तू उत्तर साध्या टपालाने पाठव, फोनवर नको; गुरुवारी मी एवढंच सांगीन की मेळघाटच्या वनपालाचं मत मागवलंय. त्यात दोन्ही हत्यारांची सारखीच स्तुती कर आणि शेवटी लिही की नक्की मत देण्याआधी मला अजून काही माहिती हवी. मग मी तुला माहिती पाठवीन. असं करत आपण उन्हाळा ओलांडू. (हे लिहिताना आत शिट्टी चालू आहे. फार वाईट वाटतंय, पण लिही.)

ता. क. ३. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात बेल वाजली, म्हणून पुन्हा उघडलं. दारात एक वृद्ध बाई, अंगावर काळा पायघोळ अबाया, मागे पिशव्या धरलेला ड्रायव्हर. यूसुफची आई, जमिला. याआधी मी त्यांना पाहिलेलं नाही. बायका दिवाणियात येत नाहीत, आणि त्या आमच्या जिन्यावर येतील हे तर कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. लहानपणी वडिलांच्या व्यापारामुळे मुंबईत राहिल्या होत्या, त्यामुळे हिंदी बोलतात, जुनी आणि गोड. म्हणाल्या, "भाईसाहब, मैं तो लड़के को मना कर चुकी थी। फिर आपके बेटे ने फ़ोन पे बताया कि भालू के उस्ताद ख़ुद साथ जा रहे हैं। तब मैंने हाँ कर दी।" मी मागे वळून पाहिलं. परीक्षित चपलांच्या कपाटात काहीतरी अतिशय बारकाईने शोधत होता. शिट्टी थांबली होती. मुक्ता पाण्याचा ग्लास घेऊन आली ती तिथेच उभी राहिली. बाईंनी पिशवीतून लोकरीच्या कानटोप्या काढल्या, यूसुफची, नबीलची, परीक्षितची अशी नावं घेत मुक्ताच्या हातावर ठेवल्या, आणि चौथी स्वतः माझ्या डोक्यावर चढवून कानांपर्यंत नीट ओढून बघितली. बरोबर बसते.