मागच्या बायकांना ऐकू यावं म्हणून

सासूबाई,

परवा नात मला मुंबईत गाण्याला घेऊन गेली. मऊ खुर्च्या, भिंतींना कसलंसं नक्षीचं लाकूड, वर गार वारा. गाणं सुरू झालं आणि थोड्या वेळाने मी उठले, काठी टेकत सगळ्यांत मागे गेले आणि दाराशी उभी राहिले. नात घाबरून धावत आली. "आजी, बरं वाटत नाहीये का?" म्हटलं, "मला काय होतंय? इथपर्यंत येतंय का ते बघतेय." येत होतं. गाणारणीने श्वास घेतलेलासुद्धा ऐकू येत होता. नातीला वाटलं असेल, म्हातारी आता काहीतरीच करायला लागली. तिला काय ठाऊक, ही खोड तुमची. घरी आल्यापासून तुमच्याशी बोलावंसं वाटतंय, म्हणून लिहायला बसले.

मी लग्न होऊन रेवदंड्याला आले तेव्हा माहेरून एकच शिकवण घेऊन आले होते, सासरी हळू बोलावं. ती मी इतकी पाळली की तुम्ही वैतागलात. मी चुलीपाशी पोळ्या लाटतेय, तुम्ही वेळणीत भात काढताय, काहीतरी विचारताय, मी उत्तर देतेय, आणि तुम्ही एकदम उसळता, "अगो, तोंडात तांदूळ भरून बोलतेस की काय? माणसाशी बोलतेस की पिठाशी?" मी रडकुंडीला येते आणि आणखी हळू बोलते. तुम्ही आणखी चिडता. वर्षभर असंच चाललं. मला वाटायचं, ह्यांना मी पसंत नाही. तुम्हाला वाटायचं, सून घुमी मिळाली.

मामंजींना गाण्याचं भारी वेड. त्या वर्षी सुपारीचा माल त्यांनी घराजवळच्या नव्या कोठारात हलवला आणि खाडीकडची जुनी दगडी वखार रिकामी झाली, तेव्हा त्यांच्या मनाने घेतलं की तिथे गाण्याचे जलसे करायचे. पहिल्या जलशाला मुंबईहून एक बुवा आणले. वखारीच्या एका टोकाला चौरंग जोडून बैठक, समोर लोड-तक्के, त्यावर मामंजी आणि त्यांचे स्नेही, त्यांच्यामागे गावातले पुरुष, आणि पार दुसऱ्या टोकाला, भिंतीला लागून, बांबूच्या चिकेच्या पडद्याआड आपण बायका. डोक्यावर गॅसबत्त्या सूं सूं करत होत्या. दगडी भिंतींवर आवाज आपटून असा काही घुमत होता की बुवा गातात की कुणाला हाका मारतात तेच कळेना. पोरं रडायला लागली, बायका कुजबुजायला लागल्या, घामाने जीव नकोसा झाला. मध्येच तुम्ही उठलात. तुमच्यामागे मी उठले, आणि आपल्यामागे सगळ्याच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामंजी चहा घेताना खुशीत होते. "काय, कसं वाटलं गाणं?"

"मला काय विचारता?" तुम्ही म्हणालात. "मी तुमच्या मित्रांच्या पाठी बघून आले. त्याही पडद्यातून."

मामंजींचा चेहरा पडला. गावातही कुरकूर ऐकू आली असावी, कारण चार दिवसांनी त्यांनी जाहीर केलं की वखार सुकट भरायला एका व्यापाऱ्याला देऊन टाकतो, गाण्याचं खूळ पुरे. दुपारी मामंजी वाडीत गेल्यावर तुम्ही मला म्हणालात, "चल गो, वखारीत जाऊ."

ती दुपार मला आजही डोळ्यांसमोर दिसते. तुम्ही किल्लीने मोठं कुलूप उघडता. आत सुपारीचा जुना तुरट वास आहे, कौलांच्या फटींतून उन्हाच्या बारीक रेघा पडल्यात. तुम्ही मला बुवांच्या जागेवर उभं करता आणि स्वतः चालत चालत बायकांच्या कोपऱ्यात जाऊन बसता. "बोल," तिकडून ओरडता. मी हातानेच विचारते, काय बोलू? "काही बोल. घरात मला जे सांगत नाहीस ते सांग. ऐकू आलं की मी हात वर करीन."

मग म्हटलं, आज पडवळाची भाजी केली आहे. हात वर झाला नाही. म्हटलं, पाण्याची घागर गळते आहे. हात नाही. तुम्ही उठून मधल्या खांबापाशी आलात, बसलात. मी म्हटलं, मला पहाटे थंडी वाजते, अजून एक वाकळ हवी. हात नाही. तुम्ही कानामागे तळवा धरून, मान पुढे काढून, माझ्या ओठांकडे एकटक बघत होतात. आणि सासूबाई, त्या क्षणी माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तुम्ही चिडत नव्हतात. तुम्हाला ऐकू येत नव्हतं. वर्षभर येत नव्हतं आणि तुम्ही ते कुणालाही कळू दिलं नव्हतं.

मला काय झालं कोण जाणे. तुम्ही आणखी पुढे, माझ्यापासून पाच-सहा हातांवर आलात, आणि मी चांगला आवाज काढून म्हणाले, "तुम्ही माझ्यावर ओरडता ते मला मुळीच आवडत नाही!"

हात वर झाला. ताठ, शाळेतल्या पोरीसारखा. आणि मग तुम्ही हसायला लागलात. इतक्या हसलात की पदर तोंडावर धरून खाली वाकलात, आणि मीही हसले, आणि रिकाम्या वखारीत ते हसू कितीतरी वेळ घुमत राहिलं. डोळे पुसत तुम्ही म्हणालात, "डावा कान गेला माझा. उजवा अजून आहे, पण तोही निघालाय. जाईल तोवर मला गाणं ऐकायचंय गो. इथेच. दुसरीकडे मला कोण नेणार?"

तिथून पुढे आपण दोघी एक झालो. दुसऱ्या दिवशी तुम्ही मामंजींना वखारीत आणलंत, चिकेमागे बसवलंत आणि मला पुढे उभं केलंत. मामंजींसमोर मी तोवर कधी आवाज काढला नव्हता. पदर डोक्यावरून ओढून घेतला, मान खाली घातली आणि सगळं बळ लावून म्हटलं, "दुपारी खाडीपलीकडची माणसं येणार आहेत."

"काय म्हणतेय ती?" मामंजींनी विचारलं. "खोबरं आणायचंय?"

"हेच," तुम्ही म्हणालात. "हेच मी म्हणतेय."

मामंजी चिकेमागून उठून बाहेर आले. मग म्हणाले, "एक जलसा तुझ्या मनासारखा कर. लोक खूश होऊन गेले तर वखार तुझी. नाहीतर सुकट."

त्यानंतरचे दिवस काय मजेचे गेले! बैठक तुम्ही टोकाकडून काढून लांब भिंतीच्या मध्यावर आणलीत, म्हणजे कुणीच फार लांब राहिलं नाही. बैठकीपासून समोरच्या भिंतीपर्यंत कमरेइतकी चिक बांधली, एका अंगाला पुरुष, दुसऱ्या अंगाला बायका, गाणारं माणूस दोघांनाही सारखंच समोर. मागच्या अंगाला गड्यांकडून वाळू टाकून उंचवटा करून घेतला, वर माती चोपून सारवलं, म्हणजे मागचीला पुढचीच्या अंबाड्यातून बघायला नको. गाणं दुपारी ठेवायचं ठरवलंत. गॅसबत्त्या नकोत, त्यांचं सूं सूं नको, आणि कोर्लई-काशीदच्या बायकांना उजेडात खाडीच्या तरीतून घरी परतता यावं. उजेडासाठी मधली काही कौलं काढून काचेची बसवली. भिंतींवरचा घुमारा मात्र जाईना. तेव्हा मासळी घेऊन दाराशी येणारी कोळीण, जिच्याशी तुम्ही रोज भावावरून भांडायचात, तीच म्हणाली, "आई, आमच्या घरात जुनं शीड पडलाय, कुजतंय नुसता. ते टांगा की भिंतीवर." तिने एक आणलं, तिच्या जावेने दुसरं, आणि बघता बघता वखारीच्या तीन भिंती शिडांनी झाकल्या. मी पुढे उभी राहून बोलले. आवाज स्वच्छ, जिथल्या तिथे.

"समदं केलंत," कोळीण कमरेवर हात ठेवून म्हणाली, "पन आमची पोरं कुठं ठेवायची? आन दिसभर बसायचा तर बायकांना मागं जायला जागा न्हाय. आमी पानी पिणार न्हाय, मग गाना काय कानात शिरनार हाय?" तुम्ही कपाळावर हात मारून घेतलात. मागच्या अंगणात नारळीच्या झापांचा आडोसा उभा राहिला, आत पाण्याचं पिंप. नारळींच्या सावलीत पाळणे टांगले, तिथे एक म्हातारी बसवली, आणि बायकांच्या बाजूचं बंद दार उघडलं, म्हणजे पोर रडलं तर आईला कुणाच्या पायांवरून न जाता बाहेर पडता यावं.

मुंबईहून गाणाऱ्या बाई आल्या. आगबोटीने रेवसला, तिथून बैलांच्या दमणीतून. वखारीत शिरल्या, मध्यावर उभं राहून एकदा टाळी वाजवली आणि कान दिला. मग नाक वर करून वास घेतला. शिडांना मासळीचा वास होता, तो जावा म्हणून आपण उदाचा धूर करायला घेतला होता. बाई म्हणाल्या, "धूर नको हो, घसा बसतो. मासळीचा वास चालेल. माझा घसा मासे खाऊनच वाढलाय." मामंजींच्या मित्रांना हसावं की नाही कळेना. कोळीण मात्र खदखदून हसली आणि त्या क्षणापासून ती बाईंची झाली.

आणि मग गाणं. माघातली ती दुपार, बाहेर खाडीवरून येणारा वारा, काचेच्या कौलांतून जमिनीवर पडलेले उन्हाचे चौकोन. आधी बायका अंग चोरून बसल्यात. आपल्याला एवढं समोरून बघता येतंय ह्याचाच त्यांना संकोच वाटतोय. कोर्लईच्या ख्रिस्ती बायका फुलाफुलांच्या लुगड्यांत एका रांगेत, वाडीतल्या बायका, कोळणी, मास्तरांची बायको, सगळ्या मांडीला मांडी लावून. तंबोरा लागतो. बाई पहिला सूर लावतात आणि कुणीतरी माझ्यामागे "अगो बाय" म्हणतं, हळूच, पण तेही स्पष्ट ऐकू येतं. मध्ये एकदा बाहेर पोर रडलं. त्याची आई दाराने गेली, पाजून परत आली, आणि बाईंनी तिच्याकडे बघून मान हलवली, जणू ये, तुझ्यासाठी थांबले होते.

तुम्ही पुढे होतात, उजवा कान बाईंकडे करून. मी तुमच्याकडे बघत होते. बाईंनी वरचा सूर धरला आणि हळूहळू खाली उतरायला लागल्या, अगदी बारीक आवाजात, आणि तुमचा हात आपोआप वर झाला. ताठ. ऐकू आलं. बाईंना वाटलं, दाद दिली. त्यांनी गाता गाता तुमच्यापुढे मान लववली. ते काय होतं हे त्या भरल्या वखारीत तुम्हाला आणि मला, दोघींनाच ठाऊक.

मधल्या सुटीत कोकमाचं सरबत आलं. बायका नको नको म्हणत होत्या. तेवढ्यात कोळीण उभी राहून सगळ्या वखारीला ऐकू जाईल अशी ओरडली, "प्या गो बायांनो, मागं जागा केलीया!" पुरुषांच्या बाजूने हशा, आणि चिकेच्या ह्या बाजूला तर हसून हसून बायकांच्या डोळ्यांत पाणी. बाई स्वतः हार्मोनियमवर डोकं टेकून हसत होत्या. त्या हसण्यानंतर गाणं जे रंगलं, तसं मी पुन्हा ऐकलं नाही. ऊन कलायला लागलं तरी कुणी उठेना. शेवटी तरीवाल्यानेच दारात येऊन सांगितलं, भरती ओसरतेय, आता नाही निघालात तर इथेच झोपा. "झोपतो की!" काशीदची एक बाई म्हणाली.

मामंजी संध्याकाळी ओसरीवर बसून होते. तुम्ही समोरून गेलात तेव्हा नुसतं म्हणाले, "सुकटवाल्याला निरोप धाडलाय." तुम्ही विचारलंत, "काय?" खरंच ऐकू आलं नव्हतं की पुन्हा ऐकायचं होतं, देव जाणे. त्यांनी उठून, तुमच्या उजव्या बाजूला येऊन, पुन्हा सांगितलं.

पुढे बरीच वर्षं दर हिवाळ्यात वखारीत गाणी झाली. लोक अलिबागहून, नागावहून गाड्या जोडून यायचे. तुमचा उजवा कानही गेला, तरी तुम्ही चुकवलं नाहीत. नीट लुगडं नेसून यायचात, बायकांमध्ये बसायचात आणि गाणं संपलं की खुणेने विचारायचात, मागच्यांना ऐकू गेलं का? मी हात वर करायची. तुमचा चेहरा असा उजळायचा की आलेल्या बायका म्हणत, आजचं गाणं ह्यांनाच सगळ्यांत जास्त कळलं.

आता एक राहिलंय. मला गाण्यातलं काहीही कळत नाही. तेव्हा कळत नव्हतं, आजही नाही. कुठला राग, कुठली चीज, सगळं मला सारखंच. तुम्ही घरी येऊन खुणेने विचारायचात, आज काय गायल्या, कसं गायल्या, आणि मी पाटीवर रंगवून रंगवून चित्रं काढून, हातवारे करून सांगायची. ते सगळं मनचं होतं. मी गाणं ऐकतच नव्हते. मी बायकांची तोंडं बघत बसायची. घरी कधी न दिसणारी ती तोंडं मला फार आवडायची, आणि तुमचं त्यांत सगळ्यांत. तुम्हाला वाचता येत नव्हतं, तेव्हा तुम्ही आज असतात तरी हे पत्र मलाच तुम्हाला समजावून सांगावं लागलं असतं. एवढा मजकूर मी गाळला असता.