प्रसाद म्हणजे खाणं नव्हे

लातूर, सोमवार

तीर्थस्वरूप उमाअक्कास धाकट्या सिद्धलिंगाचा शरणार्थ.

इकडे सगळे खुशाल, फक्त नळ खुशाल नाही. उस्मानाबादेतून फुटून लातूरचा जिल्हा झाला, कलेक्टर आला, कचेरी आली. पाणी तेवढं अजून उस्मानाबादेतच राहिलंय वाटतं. (हे कुणाला वाचून दाखवू नकोस. जिल्हा झाला तेव्हा पेढे मीच वाटले होते.) नायगावात टँकरच्या रांगेत तू तिघींशी एकदम भांडलीस हे तुझ्या पत्रात वाचलं आणि तब्येत ठणठणीत आहे म्हणून बरं वाटलं.

आता माझी हकीकत ऐक. दुकानात बसल्या बसल्या मला गळल्यासारखं व्हायला लागलं, म्हणून तुझ्या भावजयीने, शरणम्माने, धरून दवाखान्यात नेलं. डॉक्टर वीरभद्रप्पा म्हणाले, उद्या उपाशीपोटी या. रक्त घेऊ, मग ग्लुकोजचं पाणी पाजू आणि पुन्हा थोड्या थोड्या वेळाने रक्त घेत राहू. उपाशी राहायचं आपल्याला काय शिकवता! लिंगपूजा झाल्याशिवाय आपल्या घरात घोटभर पाणी तरी कुणी प्यालंय का? मी पूजा केली, नैवेद्याचे दोन पेढे तोंडात टाकले आणि उपाशीपोटी हजर झालो.

पाच वेळा सुई टोचली. (पाचव्या वेळी हात आपोआप पुढे गेला.) कागद पाहून डॉक्टरांचा चेहरा उतरला. उपाशीपोटी एवढी साखर असेल तर रोज इंजेक्शन घ्यावं लागेल म्हणाले. माझ्या डोळ्यांपुढे आपले अप्पाच उभे राहिले, शेवटच्या आजारातले. काही खाल्लं होतं का, असं त्यांनी तीनदा विचारलं आणि मी तीनदा शपथेवर नाही म्हणालो. तेवढ्यात शरणम्मा बोलली, "खाल्लं काई न्हाई जी, निस्ता परसाद घेतला. दोनच पेढे." प्रसाद म्हणजे खाणं नव्हे हे मी परोपरीने समजावलं, पण हा गृहस्थ स्वतः लिंगायत असून ऐकेना.

तीन दिवसांनी पुन्हा पाच सुया. त्या दिवशी देवाला नुसता बेल वाहिला. डॉक्टरांनी कागदावर रेघ काढून दाखवली: धडधाकट माणसाची साखर खाल्ल्यावर चढते आणि दोन तासांत उतरते, कारण इन्सुलिन लगेच धावून येतं. माझी चढली भरपूर आणि उतरायला तीन तास लागले. म्हणजे इन्सुलिन आहे, पण उशिरा येतंय. आमच्या गल्लीतला टँकर असाच येतो, मी म्हणालो. ते म्हणाले, येतोय ना? मग तुम्ही गर्दी कमी करा. इंजेक्शन टळलं! अक्का, खोटं कशाला सांगू, बाहेर येऊन मी रस्त्यातच रडलो. आता पेढे बंद, भाकरी बेताची आणि रोज सकाळी कोरड्या तळ्यात तीन फेऱ्या.

तुझा,
सिद्धलिंग

ता. क. पेढे बंद असं लिहिलंय, कारण पत्र टाकण्याआधी शरणम्मा वाचते. ही ओळ पोस्टातच लिहितोय. अर्धा चालतो.

आणखी एक. तुझ्या पत्रामागे तुझ्या सुनेने, रुद्राणीने, पेन्सिलीने चार ओळी लिहिल्या होत्या. तिच्यावर रागावू नकोस. तू दिवसाला एकटी घागर संपवतेस आणि वर म्हणतेस, "दुस्काळात तहान कुणाला लागत न्हाई?" अंगठ्याची जखम दोन महिने भरेना, तर म्हणे चप्पल लागते. अक्का, अप्पांचा पाय कापेपर्यंत आपण त्यांच्या चपलेलाच बोल लावत होतो. शुक्रवारी पहिल्या एसटीने तुला न्यायला येतोय. डॉक्टरांकडे नाव सांगून ठेवलंय. शनिवारी इथेच पूजा कर, पण प्रसाद पदराला बांधून ठेव. पाच सुया झाल्या की दवाखान्याच्या पायरीवर बसून अर्धा अर्धा खाऊ.