बाटलीतलं माहेर

आत्याबाई, लेकीचं, तुमच्या नातीचं, लग्न ठरलंय. तुम्ही गेलात तेव्हा ती रांगत होती, आता चाकणच्या कंपनीत इंजिनिअर आहे. घरामागची बाग मात्र तुम्ही सोडून गेलात तेवढी राहिली नाही. पलीकडच्या शेताचं गोडाउन झालं, दिवसभर कंटेनर मागेपुढे होत असतात. पण तुमच्या सासूबाईंनी माहेराहून आणलेलं जांभूळ उभं आहे आणि तुमचं रामफळ अजून लागतं. या घरात येणाऱ्या सुनेनं माहेरचं एक रोप आणायचं, ही रीत मला लग्न ठरल्यावर कळली आणि धाबं दणाणलं. थेरगावच्या तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या दोन खोल्यांत माती असलीच तर चपलांना. शेवटी आईनं खिडकीतला मनी प्लांट दिला, सॉसच्या बाटलीतला.

अजून डोळ्यांपुढे आहे: तुम्ही ती बाटली उजेडाला धरून बघताय, जमलेल्या बायका तोंडाला पदर लावून हसताहेत. "झाड हाय का म्हस, पान्यात बसवाया?" म्हणालात, आणि वेल उपसून जांभळाच्या बुडाशी मातीत दाबलीत. मी मोरीत जाऊन रडले. माझं माहेरच तुम्ही मारून टाकलं असं वाटलं. पुढे कितीतरी दिवस वेल मलूल पडून होती. तुम्ही मात्र भांडी विसळलेलं पाणी रोज तिलाच घालायचात, आणि कुणी हसलं की म्हणायचात, "परक्या घरी येळ लागतोच. तिचं ती बघंल." तेव्हापासून मला तुमचा धाक वाटेनासा झाला. आता ती पार जांभळाच्या शेंड्याला गेली आहे, एकेक पान सुपाएवढं.

परवा लेक म्हणाली, मीही इथलं रोप नेणार. तिच्या सासरी तशी रीत नाही, पिंपरीत दहाव्या मजल्यावर नुसती बाल्कनी आहे. तिचा सगळा जीव तुमच्या रामफळावर, म्हणून त्याचंच रोप नेणार असं मी धरून चालले. संध्याकाळी ती कात्री घेऊन मागं गेली, वेलीची फांदी छाटून आणली आणि विचारलं, "आई, रिकामी बाटली आहे का गं?"

बाटली शोधायच्या निमित्तानं मी पाठ फिरवली. तिकडंही तिला कुणीतरी बाटलीतून उपसून मातीत दाबणारं भेटू दे, एवढंच मनात आलं. तुम्ही असतात तर मला चिडवून हैराण केलं असतंत. हा कागद तुमच्यापर्यंत पोचणार नाही, म्हणूनच लिहिते: तिनं तुमचं रामफळ नाही मागितलं, याचं मला फार बरं वाटलं.