हिरव्या खिडकीकडून जाणारी वाट

मंगळवार, १४ तारीख
सकाळचे आठ

प्रिय ताई,

तुला नमस्कार, बाबांना वाकून, आईला दोनदा. इकडे सगळं क्षेम. खोकला गेला, बुटांचे तळ गेले, बाकी सगळं जागच्या जागी आहे.

तुझं पत्र शुक्रवारीच मिळालं. तू स्वतः जाऊन प्राचार्यांना भेटलीस, येत्या शनिवारपर्यंत हजर झालो तर याच वर्षात परत घेतील, हे वाचलं. उत्तराला चार दिवस लावले म्हणून शिव्या देशील. दे. पण आधी सगळं वाच.

तिचं विचारलंस. ती बरी आहे. कामात असते.

नोकरीचं सांगतो. ‘प्रकाशन संस्थेत लेखक’ असं मी लिहिलं होतं, ते जरा फुगवून. आमचं ऑफिस म्हणजे छापखान्याच्या वरच्या दोन खोल्या. खाली मशीन सुरू झालं की टेबलावरचा चहा थरथरतो. इथे प्रवाशांसाठी शहराचं मार्गदर्शक पुस्तक तयार होतंय, आणि मी दिवसभर हिंडून त्यातल्या पायी जायच्या वाटा लिहितो. संपादकबाई साठीच्या आहेत, आवाज कधी चढवत नाहीत. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या मजकुरातले ‘रमणीय’ लाल पेनानं मोजले. अकरा निघाले.

“रमणीय म्हणजे किती मिनिटं?” त्या म्हणाल्या. “माणूस परक्या गावात उतरलेला असतो, हातात बॅग असते. बसायला बाक कुठे, पाणी कुठे, संग्रहालय कुठल्या वारी बंद, एवढं त्याला सांग. तुझं काळीज त्याला नकोय.”

मी तडकलो. नाकावर राग घेऊनच जन्मलोय, तुला काय सांगायचं. “मग टेलिफोन डिरेक्टरीच छापा की!”

“तीही चुकली तर लोक शिव्याच देतात,” म्हणाल्या, आणि पुढचं पान उलटलं.

इथली एक पद्धत आहे. पान छापायला जाण्याआधी ते एका परक्या माणसाच्या हातात देतात. त्यानं स्टेशनाबाहेर उभं राहायचं आणि फक्त ते पान वाचत चालायचं, कुणाला काही विचारायचं नाही. लिहिणाऱ्यानं दहा पावलं मागे राहायचं आणि तोंड उघडायचं नाही.

गेल्या शनिवारी माझ्या पानाची पाळी होती. स्टेशन ते वस्तुसंग्रहालय, पंधरा मिनिटं. चालायला आलेले गृहस्थ शिंपीकाम सोडून घरी बसलेले, गुडघ्याला पट्टा, स्वभावानं गमत्या. पहिल्याच चौकात ते उजवीकडे वळले आणि मी ओरडलो, “अहो काका, डावीकडे! डावीकडे लिहिलंय ना!”

बाईंनी माझी बाही धरली. “तू काय प्रत्येक प्रतीत स्वतःची घडी घालून बसणार आहेस?”

मग पायऱ्या आल्या. शहाण्णव. पानावर मी लिहिलं होतं, ‘थोडासा चढ’. शिंपीकाका दर दहा पायऱ्यांना कठडा धरून उभे राहायचे. “हे लिहिणारा कुणाच्या मागे धावत होता की काय?” म्हणाले. बाई हसल्या. मला हसू आलं नाही.

कारण ताई, संग्रहालयाला जायला त्या पायऱ्या लागतच नाहीत. खालून कालव्याच्या कडेनं सरळ, सपाट रस्ता जातो. तो मला पहिल्या आठवड्यापासून माहीत होता.

पायऱ्या संपतात तिथे एक पिवळी इमारत आहे. काकांनी चष्मा पुसला आणि मोठ्यानं वाचलं, “इथे क्षणभर थांबावं. दुसऱ्या मजल्यावरची हिरवी खिडकी पाहण्यासारखी आहे.” ते थांबले, आणि इमानेइतबारे मान वर करून पाहत राहिले. “काय आहे इथे? कुणी मोठा माणूस राहायचा का?”

खिडकी उघडली. ती होती. डोक्याला टॉवेल, हातात कप. तिनं आधी काकांकडे पाहिलं, मग बाईंकडे, मग मागे माझ्याकडे. रागावली असती तर मी निभावलं असतं, रागाची भाषा मला येते. ती घाबरली.

दोन मिनिटांत खाली आली. माझ्याशी बोललीच नाही. काकांच्या हातातलं पान मागून घेतलं, वाचलं, आणि बाईंना विचारलं, “याच्या किती प्रती निघणार?”

“तीन हजार.”

“म्हणजे तीन हजार माणसं इथे उभी राहून माझ्या खोलीत बघणार.”

“नाही बघणार,” बाई म्हणाल्या. “हे पान तूच ठेव.”

आता खरं लिहितो. ‘कॉलेजात राम उरला नाही’ म्हणून मी ते सोडलं, हे खोटं. ती इथे नोकरीला आली म्हणून सोडलं. आणि मी इथे आल्याच्या तिसऱ्या दिवशी तिनं फाटकाशी उभं राहून स्वच्छ सांगितलं होतं, “मला नाही जमायचं. पुन्हा इकडे येऊ नकोस.” मी त्याचा अर्थ लावला, ती कामात आहे. पाच महिने तोच लावत बसलो. तुलाही तोच कळवत होतो. तिच्या दारावरून जायला निमित्त हवं होतं, म्हणून पुस्तकाची वाटच तिकडून वळवली. रिकामा फिरलो असतो तर लफंगा ठरलो असतो. हातात वही असली की कुणी विचारत नाही.

माफी मागायलासुद्धा तिकडे फिरकायचं नाही, एवढं कळायला मला अख्खा रविवार लागला.

बाईंनी शनिवारीच ऑफिसात गेल्यावर सांगितलं होतं. पुस्तक येत्या शनिवारी मशीनवर चढतंय. नवं पान लिहिलं तर काका पुन्हा चालायला तयार आहेत, नाहीतर संग्रहालयाची वाट पुस्तकातून गळणार. “जायचं असेल तर आजच जा,” म्हणाल्या. “अर्धवट टाकून जाणारे मला ढिगानं भेटतात.” माझ्या कॉलेजचं त्यांना काहीही माहीत नाही. तरी वर्मी लागलं.

तर ताई, शनिवारी मी येत नाही. तू माझ्यासाठी उंबरे झिजवलेस, त्याची लाज वाटते, पण येत नाही. प्राचार्यांना मी स्वतः पत्र टाकलंय. पुढच्या वर्षी घेतील तर घेतील, नाही घेतलं तर भोगीन. बाबा म्हणतील, पोरीपायी वाया गेला. त्यांना सांग, गेला होता. आणि तिनं नाही म्हटलंय, हेही सांग. हे वाक्य मी पहिल्यांदाच लिहितोय आणि खोडत नाही.

काल कालव्याची वाट चाललो. खांद्यावर जड बॅग घेऊन, काकांच्या चालीनं, प्रत्येक वळणाला कुणीकडे तोंड करून उभं राहायचं ते लिहीत. बत्तीस मिनिटं लागतात. बाक चार, त्यातला एक मोडका. पुलाखालच्या नळाला पाणी आहे. गुरुवारी काका पान घेऊन निघतील. मी दहा पावलं मागे असेन आणि तोंड बंद ठेवीन.

त्या वाटेवरून पिवळी इमारत कुठूनही दिसते का, हे मी दोनदा जाऊन तपासलं. दिसत नाही. तिसऱ्यांदा तपासणार नाही.

तुझा,
शनिवारी इथेच असणारा
भाऊ