न उडालेलं काडतूस

मंगळ., ९ मे २००६
सुटी. सकाळपासून डायनिंग टेबलावर काडतुसांच्या कागदी नळ्या वळतोय. चाळीसपैकी एकतीस बाद. हातकागद मागवलाय, अगदी १८१०च्या काळातला वाटेल असा, आणि तो गाठ मारताना फाटतो. बायको, मेधा, तिच्या दवाखान्यातले पेशंट संपवून आली. "पोळ्या कुठे लाटू?" अर्ध्या नळ्या बाजूला सरकवल्या.

शनि., १३ मे
आमच्या हौशी रेजिमेंटची ड्रिल; नेपोलियनच्या काळातल्या लढाया आम्ही हुबेहूब करून दाखवतो, बार फक्त बारुदीचे, गोळी नाही. ऑथेंटिसिटी ऑफिसर, म्हणजे सगळं त्या काळातलंच आहे ना हे तपासणारा, झाल्यापासून सगळे माझ्याकडे ट्रॅफिक वॉर्डनकडे बघावं तसे बघतात. ग्रॅहम तर वैताग आणतो. रिटायर्ड बस ड्रायव्हर, रांगेत कायम माझ्या डावीकडे. काडतुसं फोटोकॉपीच्या कागदाची, वर सेलोटेप. चामडी पेटीच्या आत प्लास्टिकचा सँडविचचा डबा! म्हणे, पावसात कळेल. लाल कोटाची शिलाईही मशीनची. "मॉरीनने शिवलाय." त्याची बायको, गेल्या वर्षी वारली. तरी रिपोर्ट लिहिला. नियम सगळ्यांना सारखे.

रवि., १४ मे
मेधा : "तू तो कोटसुद्धा लिहिलास?" तिला नाही कळायचं. मग सगळ्यांनी स्पोर्ट्स शूज घालूनच लढावं ना.

रवि., २८ मे
डर्बीशरचं मैदान. भुरभुर पाऊस. माझी पेटी अस्सल, आत लाकडी ठोकळा, त्यात काडतुसं. सगळी दमट.
पहिला बार. धूर, कानठळ्या. माझी बंदूक उडाली असं धरून चाललो, दुसरं काडतूस दातांनी तोडलं, बंदुकीच्या नळीत ओतणार तोच ग्रॅहमने मनगट पकडलं. "युअर्स डिडन्ट गो, संज."
उडाली नव्हती. बारुदीवर बारूद. नळी फुटली असती. माझ्या तोंडाशी, आणि त्याच्या.
पुढचं नीट आठवत नाही.

सोम., २९ मे
तंबू आवरताना ग्रॅहम फ्लास्क घेऊन आला. कुणालाच कळलेलं नाही, मी बोलणार नाही, म्हणाला.
मी : "मी तुझा रिपोर्ट केला होता."
"केलास." चहा ओतून दिला.
असं काही झालं की स्वतः रेजिमेंटच्या सेफ्टी ऑफिसरला कळवायचं. मग सीझनभर बंदूक बंद, ऑफिसरकीही जाणार. हा नियम मीच टाइप केलाय. माझीच हौस. चिडायचं तरी कुणावर.

गुरु., १ जून
दोन दिवस हॉस्पिटलात पेशंटचे एक्स-रे काढताना तेच डोक्यात. शेवटी मेधाला सांगितलं. तिने फक्त विचारलं, "ग्रॅहम किती लांब उभा होता?"
हातभर.
ती उठून स्वयंपाकघरात गेली. मी सेफ्टी ऑफिसरला फोन लावला. त्याच्या बायकोने उचलला. तो बागेत आहे, बोलावते म्हणाली. कानाशी रिसीव्हर धरून हे खरडतोय. ती त्याला हाका मारतेय. पलीकडे दार वाजलं. आत येतोय बहुतेक