पुष्पलता भोये यांचा सॅक्सोफोन व इतर मालमत्ता

मी, पुष्पलता मंगेश भोये, वय अडुसष्ट, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, राहणार जव्हार, जिल्हा पालघर, हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि माझ्याच अक्षरात लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. मी कोणत्याही नशेच्या अंमलाखाली नाही आणि कोणाच्या दडपणाखालीही नाही. या घरात दडपण कोण कोणावर आणते, हे हवे तर माझ्या मुलाला विचारावे.

वकिलांनी मला एक छापील नमुना दिला होता. त्यात लिहिले होते की जीवनाची शाश्वती नसल्याने हा लेख करीत आहे. ते वाक्य मी घेतलेले नाही, कारण माझे कारण वेगळे आहे. माझे वरचे पुढचे दोन दात हलू लागले आहेत आणि उद्या, मंगळवारी, ते काढायचे ठरले आहे. सॅक्सोफोन वाजवताना वरचे दात माउथपीसवर, म्हणजे तोंडात धरायच्या काळ्या तुकड्यावर, टेकवावे लागतात. ते गेले की सूर डगमगतो. घराचे आणि पैशांचे काय करायचे ते मी कधीही लिहिले असते. सॅक्सोफोनचे मात्र मंगळवारच्या आत ठरवायचे होते, म्हणून बसले आहे.

कलम १. जव्हारचे राहते घर, परसातल्या फणसासकट, माझा मुलगा धर्मेंद्र आणि सून उज्ज्वला या दोघांच्या नावे सारख्या हिश्श्याने करावे. 'दोघांच्या' या शब्दाखाली मी रेघ मारली आहे. धर्मेंद्रला सरकारी कचेरीत नोकरी असल्याने अशा रेघेचा अर्थ त्याला समजतो.

कलम २. बँकेतली ठेव उज्ज्वलाला, एकटीला. धर्मेंद्रला वाईट वाटेल. वाटू दे. माझे यजमान वारल्यानंतर मी त्यांचा सॅक्सोफोन उचलला तेव्हा या घरातली दारे एकेक करून बंद झाली. धर्मेंद्र कचेरीतून आला की आधी अंगणात उभा राहून कानोसा घ्यायचा आणि मी वाजवत असले तर परत बाजारात जायचा. उज्ज्वला तेव्हा नवीन लग्न होऊन आली होती. तिने एकदा भाकरी थापता थापता हाक मारून सांगितले, "आई, आज खालचा सूर फाटला नाही." पहाटे उठून मी एकेक सूर दम पुरेपर्यंत धरून ठेवत असे, त्याकडे कोणी कान देऊन ऐकत होते हे मला तेव्हा कळले. पैशाने त्याची परतफेड होत नाही, पण माझ्याकडे दुसरे काही नाही.

कलम ३. सासूबाईंचे तांब्याचे घंगाळ माझी नणंद जयवंती हिला द्यावे. ते तिला हवे होते. तिने कधी मागितले नाही आणि मीही आपण होऊन दिले नाही. भावाच्या माघारी त्याच्या वाद्याला मी तोंड लावते म्हणून तिने माझ्या घरचे पाणी सोडले. "नवरा गेला, आता त्याचं उष्टं फुंकत बसली," असे ती मोखाड्याच्या बाजारात भाजीवाल्यांसमोर म्हणाली. मी तिला उत्तर दिले नव्हते. आता देते: होय, बसले, आणि मला फार बरे वाटले. घंगाळ घासून पाठवावे.

कलम ४. यजमानांचा बँडमधला लाल कोट, खांद्यावरच्या सोनेरी गोंड्यांसह, बँडमास्तर तुळशीदास यांना द्यावा. मात्र यजमानांच्या दहाव्याला हेच तुळशीदास सॅक्सोफोन बँडच्या मालकीचा आहे असे सांगत न्यायला आले होते. मी पावती दाखवली तेव्हा म्हणाले, "मास्तरीणबाई, ठेवा मग. पण बाईमाणसाने गाल फुगवलेले काही शोभत नाही." सॅक्सोफोन वाजवताना गाल फुगवायचे नसतात. तुळशीदास यांनी जन्मभर बँड चालवला, तरी त्यांच्या हे लक्षात आलेले नाही. म्हणून कोटाला एक अट आहे. ज्या दिवशी त्यांच्या बँडात एखादी बाई पहिल्या ओळीत सॅक्सोफोन घेऊन उभी राहील, त्या दिवशी कोट द्यावा. तोवर तो उज्ज्वलाच्या ताब्यात राहील. तिने त्यात डांबराच्या गोळ्या टाकत जाव्यात.

कलम ५. आता माउथपीस. ती माझ्या देहाबरोबर चितेवर ठेवावी. याचे कारण जरा सविस्तर लिहिते, नाहीतर धर्मेंद्र ती जपून ठेवायला बघेल.

हे, म्हणजे माझे यजमान, तरुणपणी मुंबईला एका हॉटेलात भांडी घासायला गेले होते. तिथे संध्याकाळी पेद्रू मास्तर नावाचे एक गोवेकर जॅझ वाजवायचे. भांडी आटोपली की हे दाराआड उभे राहायचे. मास्तरांनी एक दिवस आत बोलावले आणि पुढे शिकवले. परत येताना मास्तरांचाच जुना सॅक्सोफोन रीतसर विकत घेऊन हे जव्हारला आले. लग्नसराईत बँडमध्ये वाजवायचे आणि एरवी घराच्या मागच्या बाजूला बसून जॅझ. लोकांना वाटे, हा सराव करतो आहे. तेच त्यांचे खरे वाजवणे होते.

ह्यांचे वडील साखरशेतचे तारपावाले. तारप्यात, आमच्या त्या भोपळ्याच्या फुंकवाद्यात, वारा थांबवायचा नसतो. गालात साठवायचा, नाकाने नवीन घ्यायचा, आणि नाचणाऱ्यांचा फेरा चालू आहे तोवर सूर चालू ठेवायचा. सूर तुटला तर फेरा मोडतो. हे सॅक्सोफोनही तसाच फुंकत. गाल भरून, जीभ न लावता, एका सुरातून दुसऱ्यात घरंगळत. पेद्रू मास्तरांनी त्यांना सांगितले होते, "मंगेश, तुझा सूर मधासारखा आहे रे, पण तो बोलत नाही. जीभ दिलीय ना देवाने? लाव की." ह्यांनी शेवटपर्यंत लावली नाही. लावायला गेले की त्यांना आपण फेरा मोडतो आहोत असे वाटायचे.

मी पहिलीच्या वर्गाला शिकवत आले. कोणत्या अक्षराला जीभ दाताला कुठे लागते, हे मुलांना रोज तोंड उघडून दाखवणे हेच माझे काम. निवृत्त झाल्यावर मी नाशिकच्या एका जुन्या वादकांकडे एसटीने जाऊन शिकले. ते म्हणाले, "रीडला, त्या वेताच्या पट्टीला, जीभ लावताना 'त' म्हणा," आणि मला ते लगेच जमले. मग ह्यांनी जमवलेल्या जॅझच्या कॅसेट ऐकताना माझे मला उमगले की जॅझला 'त' फार कडक होतो, 'द' लागतो. 'त'ने सूर तुटतो आणि 'द'ने नुसता वेगळा होतो. आणि जीभ लावायची ती ताल धरलेले पाऊल पडते तिथे नाही, पाऊल उचलते तिथे. पडत्या पावलावर सूर आपला आपण सरकतो. मधला एखादा सूर गिळून टाकायचा, पण गिळला हे ऐकू आले पाहिजे.

हे सगळे मला जमले. सूर मात्र कित्येक महिने पातळ येत होता, शाळेच्या घंटेसारखा. एका सकाळी माझे दात माउथपीसवर जरा पुढे सरकले आणि दोन खळग्यांत बसले. वर्षानुवर्षे टेकून टेकून ह्यांच्या दातांनी केलेले खळगे होते ते. तिथे दात ठेवल्यावर घसा मोकळा झाला आणि जो आवाज निघाला तो जाड आणि उबदार होता. मी वाजवणे थांबवून रडले. त्यानंतर मी दुसरीकडे दात ठेवलेले नाहीत. आता त्या खुणा किती त्यांच्या आणि किती माझ्या हे सांगता येणार नाही. तिसऱ्या कोणाचे दात तिथे बसू नयेत अशी माझी इच्छा आहे.

कलम ६. सॅक्सोफोन. धर्मेंद्रने बैठकीच्या खोलीत काचेचे कपाट करून घ्यायचे ठरवले आहे. आत सॅक्सोफोन, वर वडिलांचा फोटो, फोटोला हार. सुताराने मापेसुद्धा नेली. धर्मेंद्रच्या मनात वडिलांबद्दल माया आहे, हे मी जाणते. पण वाजवला नाही तर सॅक्सोफोनच्या भोकांवरच्या चामड्याच्या गाद्या कडक होतात आणि मग त्यातून नुसती हवा गळते. ज्या माणसाने मुंबईत उष्टी भांडी घासून ते वाद्य मिळवले, त्याची आठवण म्हणून ते मुके करून ठेवणे मला मान्य नाही. कपाटात चहाचे कप ठेवावेत.

सबब मी आधीच्या मसुद्यात लिहिले होते की माझ्या पश्चात सॅक्सोफोन साखरशेतच्या अंगणवाडी सेविका कोंडी हिला मिळावा. कोंडी माझी विद्यार्थिनी. तिचे वडील पांड्या हे तारपा वाजवतात. तारपा पुरुषांनी फुंकायचा, पण पांड्याने घरातल्या घरात लेकीला फुंकू दिला, आणि तिच्या छातीत जो वारा आहे तो माझ्या जन्मात माझ्याकडे आला नाही. ती दर रविवारी जीपने येते. तिची माउथपीस मी पहिल्यापासून वेगळी घेऊन दिली आहे. तिचा सूर ऐकला की उज्ज्वला गॅस बारीक करते. पण जीभ लावायची म्हटले की कोंडी ह्यांच्यासारखीच अडते, आणि दर रविवारी त्यावरून आमचे वाजते. मी पाटीवर पावले काढून दाखवली, कुठे पडते, कुठे उचलते. ती म्हणते, "बाई, तुझी पावला पाटीवर हायेत, माझी अंगणात." मला ती 'तू' म्हणते. शाळेतही म्हणायची. मी ते कधी सुधारले नाही.

मागच्या रविवारी मी तिला मसुदा वाचून दाखवला. मला वाटले, तिला आनंद होईल. तिने सॅक्सोफोन पेटीत ठेवला आणि झाकण लावले.

"मी नाय घ्यायची," ती म्हणाली.

"का गं?"

"तू मेल्यावर माझ्याकडं आला तर मी फुकू का रडू? एका तोंडानं दोन्ही नाय होत."

"सवय होते. मी नाही का फुंकला? तुझ्या मंगेशकाकांचाच ना तो?"

"तू फुकलास. तुझा जीव घट हाय. माझा नाय." मग पेटी माझ्याकडे सरकवून म्हणाली, "द्यायचा तर जिती हायस तवर दे. नायतर दादाच्या कपाटात जाऊ दे."

मला तिचा राग आला. मंगळवारी दात काढले तरी डॉक्टरांच्या मते कवळी बसवून, पुन्हा सवय करून, वर्षभरात मी वाजवू शकेन. बरेच वादक तसे वाजवतात म्हणे. म्हणजे मला अजून वाजवता आले असते आणि कोंडी ते वाद्य आत्ताच मागत होती. ती गेली. उज्ज्वलाने जेवायला हाक मारली तेव्हा मी तिला विचारले, की वर्षभर वाद्य पेटीत पडून राहिले तर? ती म्हणाली, "आई, मग कपाटात आणि पेटीत फरक तो काय?"

तेव्हाच माझे ठरले. ठरल्यावर मी मागे फिरत नाही, हे जिल्हा परिषदेलाही ठाऊक आहे.

काल, रविवारी, मी सकाळी एकटीने वाजवून घेतले. मग माउथपीस काढून घेतली, पुसली, आणि कोंडी आल्यावर सॅक्सोफोन तिच्या हातात दिला. त्याचा बक्षीसलेख वेगळा केला असून तो सोबत जोडला आहे. तिने स्वतःची माउथपीस बसवली. मी खुर्ची ओढून समोर बसले, जीभ कुठे लावायची ते सांगायला. तिने खालचा एक सूर धरला आणि तो सोडलाच नाही. नाकाने वारा घेत, गाल भरत, तो सूर घरभर फिरला. मी "गाल" म्हणणार होते, ते राहिले. मग मधेच एका जागी तिने जीभ लावली. एकदाच. मी शिकवलेली जागा नव्हती ती. पाऊल पडण्याची नाही, उचलण्याचीही नाही. फेरा मोडला नाही आणि सूर बोलला. ह्यांना जे आयुष्यभर जमले नाही आणि मी फक्त अर्धे शिकले, ते तिने केले, आणि मग विचारले, "चुकला का?"

मी नाही म्हटले.

माझ्या अंत्यविधीला कोंडीने वाजवावे असा आग्रह कोणीही धरू नये. ती यायची तर रिकाम्या हाताने येईल, आणि तिला रडायला मोकळीक द्यावी. मृत्युपत्राच्या अंमलबजावणीसाठी मी उज्ज्वलाला नेमते.

येणेप्रमाणे सदर सॅक्सोफोन माझ्या मालमत्तेत आता नाही. काल त्यातून जो आवाज निघाला तो माझ्या यजमानांचा नव्हता, माझाही नव्हता. त्या वाद्यावर व त्या आवाजावर माझ्या कोणत्याही वारसाचा हक्क, हिस्सा अथवा तक्रार राहणार नाही. माझीसुद्धा राहणार नाही.

हा लेख मी पुन्हा एकदा मोठ्याने वाचून, समजून, खालील दोघांच्या समक्ष सही केला आहे.

सही: पुष्पलता मंगेश भोये

साक्षीदार:
१. मधु लाडक्या चौधरी, निवृत्त मुख्याध्यापक, शेजारी. बाईंनी माझ्यासमोर सही केली. सॅक्सोफोनचा त्रास मला कधीच झाला नाही, असे त्यांनी लिहायला सांगितले, म्हणून लिहिले.
२. डॉ. गोकुळ महाले, दंतवैद्य. सही करणाऱ्या बाई पूर्ण शुद्धीवर असून त्यांचे म्हणणे स्वच्छ व स्पष्ट आहे.

ठिकाण: जव्हार
दिनांक: १० फेब्रुवारी २०२५, सोमवार